पोट दुखतं म्हणजे नेमकं कुठे?

(महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला पोटदुखीवर बोलायला सांगितलं आहे. विषय ठरवताना इथल्या कार्यकर्त्या म्हणाल्या, "सिस्टर, शिबिरात वजन-रक्त तपासायला बसलं की कितीतरी बायका पोटाचंच सांगतात. आणि उठता उठता हळूच विचारतात, कॅन्सरबिन्सर तर नसेल ना?" हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून काम केलं. त्यातली शेवटची ९ वर्षं दुर्बिणीच्या खोलीत गेली. तोंडातून नळी घालून जठर आतून पाहतात, ती खोली. तिथे येणारी जवळजवळ प्रत्येक बाई हाच प्रश्न घेऊन यायची.

आज या प्रश्नाचं जमेल तेवढं सरळ उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी दुसरा एक प्रश्न आपण स्वतःला विचारू या. बाई जेव्हा "पोट दुखतं" म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं?

आपल्या भाषेतच बघा. पोटुशी, पोटचं पोर, पोट पाडलं, पोटी मूलबाळ नाही. बाईचं पोट म्हटलं की सगळं गर्भाशयाशी येऊन थांबतं. आणि उरलेल्या वेळी बाईने काय करायचं? दुसऱ्याचे अपराध पोटात घालायचे, स्वतःच्या पोटाला चिमटा काढायचा, बोलायचं ते पोटात ठेवायचं. त्यामुळे तिचं पोट खरोखर दुखायला लागलं की घरच्यांना आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही दोनच गोष्टी सुचतात. एक तर पाळीचं काहीतरी असेल, नाहीतर पित्त असेल. अन्न जिथे जातं ते जठर नावाचं एक इंद्रिय बाईलाही असतं, हे शेवटी आठवतं.

दोघींची हकीगत

मी पाहिलेल्या दोघींबद्दल सांगते. नावं सांगणार नाही.

पहिली २९ वर्षांची, दोन मुलांची आई, ऊसतोडीला जाणारी. वर्षभर वरच्या पोटात जळजळ. रात्री दोनच्या सुमाराला कळ येऊन जाग यायची, चार घास खाल्ले की थोडं बरं वाटायचं. एका खाजगी दवाखान्यात तिची सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका," असं तिला सांगितलं गेलं. पैशांची जमवाजमव चालू होती. तेवढ्यात तिची नणंद तिला आमच्याकडे घेऊन आली. दुर्बिणीतून पाहिलं तर जठर संपून आतडं सुरू होतं तिथे व्रण होता. ज्याला आपण अल्सर म्हणतो तो. पाठदुखीसाठी ती हंगामभर रोज दुखण्याच्या गोळ्या खात होती. शिवाय जठरात जंतूही सापडला. १४ दिवसांचं औषध झालं, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, पोट दुखायचं थांबलं. पिशवी जागच्या जागी राहिली.

दुसरी ५४ वर्षांची. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. दोन वर्षं ती पित्ताच्या गोळ्या घेत होती. हिमोग्लोबिन ७ होतं, म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या. सोनोग्राफी "नॉर्मल" होती. जेवण कमी झालं तेव्हा घरचे म्हणाले, वय झालं. वजन उतरलं तेव्हा म्हणाले, उपास फार करते. आमच्याकडे आली तेव्हा खाल्लेलं सगळं उलटून पडत होतं. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ होती, वाट जवळजवळ बंद झालेली. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. ती मला म्हणाली, "सिस्टर, मी दोन वर्षं सांगतच होते. कुणाला सांगायला पाहिजे होतं?"

पहिलीला कॅन्सर नव्हता, तिला कॅन्सरचं नाव घेऊन घाबरवलं. दुसरीला कॅन्सर होता, तिच्यासमोर कुणी ते नावही काढलं नाही. आणि दोघींचंही जठर तोवर कुणी तपासलं नव्हतं. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कॅन्सरची भीती आपल्याला चुकीच्या जागी घातली जाते आणि जिथे सावध व्हायचं तिथे आपल्याला गप्प बसवलं जातं.

पहिलीची गोष्ट एकटीची नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण देशभर गाजलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीत, अंगावरून पांढरं जात असताना, ओटीपोट दुखत असतानाही मोळ्या उचलायच्या. अशा बाईला कुणी म्हटलं की पिशवीत पुढे कॅन्सर होईल, तर ती कर्ज काढून पिशवी काढते. यात अडाणीपणा कसला? तिच्यासमोर दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो.

म्हणून भीतीच्या जागी माहिती ठेवू या.

हात ठेवून बघा

आत्ता बसल्या जागी तळहात छातीच्या हाडाखालच्या खळगीत ठेवा. जठर इथे आहे, जरा डावीकडे. आता हात बेंबीच्या खाली, ओटीपोटावर आणा. गर्भाशय इथे आहे. दोन्हींत चांगलं वीतभर अंतर आहे. खळगीत जळजळतं म्हणून कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर "दुखतं वर आणि काढायचं खालचं, ते कसं?" असं विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

उजव्या बरगडीखाली पित्ताशय असतं. तिथे खडे झाले तर तेलकट जेवणानंतर उजवीकडे जोराची कळ येते, पाठीत, उजव्या खांद्याकडे जाते. असे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात आणि ते सोनोग्राफीत दिसतात.

वरच्या पोटात अचानक दडपल्यासारखं झालं, दरदरून घाम आला, धाप लागली, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका. हृदयविकाराचा झटका बायकांमध्ये कधी कधी असाच येतो. ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि पन्नाशीच्या आसपास पोट नव्याने फुगायला लागलं, आठवड्यांमागून आठवडे गुबारा तसाच राहिला, दोन घासांत पोट भरलं, लघवीला वारंवार जावं लागलं, तर बीजांडकोश तपासून घ्या. तिथल्या कॅन्सरची लक्षणंही पोटाच्या तक्रारीसारखीच असतात.

डॉक्टरसमोर बसल्यावर "पोट दुखतं" एवढंच म्हणू नका. बोट ठेवून दाखवा. जळतं, पिळतं, टोचतं की ठणकतं ते सांगा. किती आठवडे झाले, जेवणाआधी की नंतर, रात्री जाग येते का, आणि कुठकुठल्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा. "सारखं दुखतं" यापेक्षा "दिवाळीपासून रोज रात्री दुखतं" हे सांगणं जास्त उपयोगाचं.

जठर का दुखतं?

पहिली गोष्ट मनात पक्की करा. वरचं पोट दुखणाऱ्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो. पुष्कळ जणींच्या जठरात दुर्बिणीतून पाहिलं तरी व्रण सापडत नाही, गाठ सापडत नाही. दुखणं मात्र खरं असतं. "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटक करते," हे म्हणणं चूक आहे. जठराचं चलनवलन आणि तिथल्या नसांची संवेदना बिघडली तरी दुखतं, आणि त्यावर उपचार असतात.

व्रण होतो तेव्हा त्याची मुख्य कारणं दोन. एक कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. पूर्वी सगळे समजायचे की अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना जठरातला हा जंतू वाढवून दाखवता आला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. या जंतूमुळे जठराचा कॅन्सर होऊ शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली जाहीर केलं.

आता घाबरू नका. आपल्या देशात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या जठरात हा जंतू असतो. बहुतेकांना तो लहानपणी लागतो, दाटीवाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्यातून, माणसाकडून माणसाकडे. जगाचा हिशेब धरला तर जंतू असलेल्या शंभरांपैकी एक ते तीन जणांना पुढे कॅन्सर होतो. म्हणजे जंतू सापडला म्हणून कॅन्सर झाला असं नाही. पण व्रण असेल, किंवा घरात रक्ताच्या नात्यात जठराचा कॅन्सर झालेला असेल, तर जंतूचा पुरता बंदोबस्त करायला हवा. औषध बहुधा १४ दिवसांचं असतं आणि गोळ्या पुष्कळ असतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्धी पाकिटं डब्यात ठेवायची नाहीत. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, उलट औषधालाच दाद देईनासा होतो.

दुसरं कारण दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन. खुरपणी झाली, पाठ धरली, की दुकानातून एक पुडी. गुडघे दुखतात, रोज एक गोळी. या गोळ्यांनी जठराचं आतलं अस्तर दुबळं होतं, व्रण पडतो, कधी न दुखताच आत रक्तस्राव होतो. "मी गोळी नाही घेत, सुई घेते," असं पुष्कळ जणी सांगतात. सुईनेही तेच होतं, कारण औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. पॅरासिटामॉलचा हा त्रास नसतो. तुमच्या पाठीला गोळी लागते कारण कामाला विश्रांती नाही, हे मला ठाऊक आहे. पण रोज लागत असेल तर डॉक्टरला विचारून, जठराला संरक्षण देणाऱ्या औषधासकट घ्या.

कॅन्सरची भीती कुणी बाळगायची?

जगात २०२२ साली जठराच्या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसं त्याने गेली. पुरुषांना तो बायकांच्या जवळजवळ दुप्पट होतो. भारतात वर्षाला ६० हजारांच्या वर नवे रुग्ण सापडतात, त्यात बायका कमी. तुलनेसाठी सांगते, त्याच २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या. तेव्हा जठराचा कॅन्सर आपल्याकडे घरोघर नाही. जपान, कोरियात तो खूप जास्त. आपल्या देशात मिझोराममध्ये सर्वांत जास्त. तिथे धुरावलेलं मांस खातात, आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं 'तुइबुर' नावाचं पाणी तोंडात धरायची पद्धत आहे.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी या: तो जंतू, फार खारवलेलं आणि धुरावलेलं अन्न, बिडी-सिगारेट, दारू, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झालेला असणं, पूर्वी जठराचं ऑपरेशन झालेलं असणं. मिश्रीबद्दल तुम्ही विचाराल म्हणून सांगते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो. दात घासायचं निमित्त करून आपण दिवसातून चार वेळा तंबाखूच लावत असतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९३०च्या सुमारास अमेरिकेत कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये जठराचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर होता. पुढच्या काही दशकांत तो झपाट्याने खाली आला. तेव्हा जंतूही माहीत नव्हता आणि त्याचं औषधही नव्हतं. घरं मोठी झाली, पाणी स्वच्छ झालं, फ्रिज आल्याने खारवलेल्या अन्नाऐवजी ताजं अन्न, भाज्या, फळं वर्षभर मिळू लागली. म्हणजे आपण नळासाठी मोर्चा काढतो, रेशनसाठी बसतो, घरासाठी भांडतो, तेव्हा आपल्या मुलींच्या जठरासाठीही भांडत असतो.

ही लक्षणं कधीही अंगावर काढू नका

१. खायची इच्छा न होणं, दोन-चार घासांत पोट भरणं, आणि कारण नसताना वजन उतरणं.
२. पुन्हा पुन्हा उलट्या होणं, विशेषतः सकाळी खाल्लेलं संध्याकाळी पडणं.
३. घास गिळताना अडकणं.
४. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळसर पडणं.
५. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची संडास होणं.
६. औषध घेऊनही रक्त न वाढणं.
७. वरच्या पोटात गाठ लागणं.
८. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाचा त्रास सुरू होऊन महिनाभरात न थांबणं.

यातलं एकही असेल तर नुसत्या पित्ताच्या गोळ्यांवर राहू नका. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्यांनी आम्ल कमी होतं, आणि कॅन्सर असला तरी काही महिने बरं वाटू शकतं. दुखणं दबतं, गाठ वाढत राहते. दुकानातून आपल्या मनाने आणलेली गोळी दोन आठवड्यांच्या वर घ्यायची वेळ आली तर डॉक्टरकडे जा.

आता ही लक्षणं बायकांच्या बाबतीत लपतात कशी, ते पाहू.

आपल्या घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. तिच्या ताटात काय पडलं, किती उरलं, हे बघणारं कुणी नसतं. नवऱ्याने अर्धी भाकरी टाकली तर सगळ्या घराला कळतं. बाईने महिनाभर टाकली तरी कळत नाही. वर उपास असतातच. म्हणून आपली खूण आपणच ठेवायची. बांगडी कोपराकडे सरकायला लागली, पोलकं ढगळ झालं, तर वजन करा.

रक्ताचं तसंच. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालं आहे की कुणी कारणच शोधत नाही. पाळीत जातं, खाणं कमी आहे, घ्या लोहाच्या गोळ्या. पण जिची पाळी गेली आहे, तिचं रक्त कुठे जातंय? ते जठरातून किंवा आतड्यातून तर जात नाही ना, हे पाहायलाच हवं. तो प्रश्न डॉक्टरने विचारला नाही तर आपण विचारायचा.

आणखी एक घोटाळा. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, ते आपल्याला आशाताईंनी सांगितलेलं असतं. म्हणून खरोखर रक्ताने काळी झाली तरी आपण निर्धास्त राहतो. फरक लक्षात ठेवा. गोळ्यांची काळी संडास नेहमीसारखी बांधलेली, जराशी हिरवट झाक असलेली असते. रक्ताची पातळ, चकचकीत, भांड्याला चिकटणारी असते आणि वास सहन होत नाही. सोबत चक्कर आली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

दुर्बिणीची भीती

"सोनोग्राफी नॉर्मल आली" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, गर्भाशय पाहायला चांगली. पण जठर पोकळ असतं, त्याचं आतलं अस्तर तिच्यात नीट दिसत नाही. अल्सर आणि सुरुवातीचा कॅन्सर पाहायला दुर्बीणच लागते.

त्यात काय होतं ते सांगते. सहा ते आठ तास काही खायचं नाही. घशात बधिर करायचा फवारा मारतात. डाव्या कुशीवर झोपायचं. दातांमध्ये एक कडं धरायचं आणि बोटापेक्षा बारीक नळी घशातून आत जाते. ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येतं, पण श्वास बंद होत नाही. नाकाने हळूहळू श्वास घेत राहायचं. पाच-दहा मिनिटांत काम होतं. कुठे काप नाही, टाका नाही. गरज वाटली तर कणभर तुकडा घेऊन तपासायला पाठवतात, तो घेताना दुखत नाही. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही समजूत खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

आणि कॅन्सर निघाला तर? १८८१ साली व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या सर्जनने जठराच्या कॅन्सरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. टेबलावर होती ४३ वर्षांची, आठ मुलांची आई. ऑपरेशनला बिलरोथचं नाव मिळालं. तिचं नाव थेरेसे हेलर, ते फारसं कुणाला माहीत नाही. ती चार महिने जगली. आज कॅन्सर अस्तरापुरता असताना सापडला तर दहांतले नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. काहींचा तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढता येतो. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण मात्र उशिरा पोचतात.

तुम्ही विचारता ते प्रश्न

मिरचीने कॅन्सर होतो का? तिखटाने जळजळ वाढते, अल्सर मात्र होत नाही. त्रास होत असेल तर कमी खा.

सासूला होता, मला होईल का? सासूशी रक्ताचं नातं नाही, त्यामुळे तो धोका तुम्हाला नाही. तिच्या मुलांना थोडा आहे, म्हणजे तुमच्या मालकांना आणि नणंदेला. आईला किंवा बहिणीला असेल तर तुमचा धोका दोन-तीन पट होतो. डॉक्टरला ते आवर्जून सांगा.

कॅन्सर लागतो का? नाही. एका ताटात जेवल्याने कॅन्सर लागत नाही. आजारी बाईचं ताट वेगळं काढू नका.

रॅनिटिडीनचं काय? त्यात कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्यामुळे २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, आणि २०२२ साली आपल्या देशाने ते आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. जुन्या गोळ्यांनी घाबरून जाऊ नका, पण दुसरं औषध मागून घ्या.

आपण काय करायचं?

दक्षिण कोरियात ४० वर्षांवरच्या सगळ्यांची दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून होते. आपल्या देशाच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, जठर नाही. प्रमाण कमी असल्याने सरसकट सगळ्यांना दुर्बीण घालणं शहाणपणाचंही नाही. पण त्याचा अर्थ काय होतो पाहा. आपल्याकडे जठराचा कॅन्सर वेळेत सापडायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाई जे सांगते ते ऐकणं. तिचं बोलणं उडवून लावलं तर दुसरी कुठलीही चाळणी मागे नाही.

म्हणून बचत गटाच्या बैठकीत वर्षातून दोनदा वजन करा आणि वहीत लिहा. कुणाचं उतरलं असेल तर विचारा. लक्षणं असलेल्या बाईला एकटी पाठवू नका. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, घरी स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न असतो. हे गटाने वाटून घ्यायचं काम आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दुर्बिणीची तपासणी थोड्या खर्चात होते. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. तेव्हा रेशनकार्ड, आधारकार्ड आधीच तयार ठेवा, पण त्या योजनेची वाट पाहत तपासणी लांबवू नका. जिल्हा रुग्णालयात दुर्बीण आहे का, असेल तर चालू आहे का, चालवणारा डॉक्टर आहे का, हे विचारायला मिळून जा. तालुक्याच्या बाईला या तपासणीसाठी दोन दिवस मोडावे लागू नयेत, ही आपली मागणी असली पाहिजे.

आणि कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये खाजगी रुग्णालयांचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आहे. आजार काय, उपचार काय, खर्च किती हे समजून घेण्याचा, दुसरं मत घेण्याचा, पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत बाई असण्याचा हक्क त्यात आहे. कॅन्सर होईल असं कुणी म्हटलं तर एकच विचारा: "कशावरून? तुकड्याचा रिपोर्ट दाखवा."

आता चहा होईल. त्यानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना स्वतःचं काही विचारायचं आहे त्यांनी यावं. येताना चालू असलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं आणा, दुकानातून आणलेल्या पुड्यासुद्धा. आणि पोट दुखत असेल तर कधीपासून दुखतंय ते तोवर आठवून ठेवा.